ज्येष्ठमधाची उरलेली अर्धी गोष्टही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांच्या सदरात, रात्री पोटरीत गोळे येणाऱ्यांसाठी ‘जपानचा अठराशे वर्षं जुना उपाय’ छापून आला. ज्येष्ठमधाची पूड दोन चमचे घ्या, दीड कप पाण्यात उकळून निम्मं करा, सकाळ-संध्याकाळ प्या, महिनाभरात फरक पडेल. आणि शेवटी एक वाक्य होतं : ‘वनस्पतीच असल्यामुळे अपाय काहीच नाही.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबेल, पण विनंती आहे की ते कापू नका.

मी मिरजेची. इथल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात ३१ वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम केलं आणि सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ज्येष्ठमधाशी माझं काही वैर नाही. घसा बसला की आजही मी काडी चघळते. तुमच्या सदरातल्या उपायामागे खरोखरीचा पुरावा आहे, हे तर मी तुमच्या लेखकापेक्षाही ठासून सांगेन. पण तोच उपाय करता करता आमच्या घरातली एक बाई दवाखान्यात दाखल झाली, आणि त्याची सुरुवात माझ्या हातून झाली.

माझ्या थोरल्या नणंदबाई, आम्ही त्यांना वन्संच म्हणतो, तासगावला राहतात. वय ७४. उभं आयुष्य द्राक्षबागेत गेलं. साठीनंतर त्यांना रात्रीचे वांब सुरू झाले. ज्यांना कधी आला नाही त्यांना हे कळायचं नाही. गाढ झोपेत पोटरीचा दगड होतो, पाऊल आपोआप खाली खेचलं जातं, आणि माणूस अंथरुणात उठून बसून नुसता ओरडतो. वन्संनी सगळं करून पाहिलं होतं. तिळाचं तेल, निरगुडीच्या पाल्याचा शेक, रोज एक केळं, कॅल्शियमच्या गोळ्या. महिनाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

माझी मुलगी टोकियोत नोकरी करते, निशी-कासाई भागात राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली तेव्हा तिने दोन डबे आणले. आत चहाच्या पुड्यांसारख्या पुड्या आणि त्यांत तपकिरी दाणेदार चूर्ण. तिकडे डोंगर चढणारे लोक या पुड्या खिशात ठेवतात. तिला फुजी पर्वत उतरताना पोटरीत गोळा आला तेव्हा सोबतच्या मैत्रिणीने हीच पुडी दिली होती. जपानीत रात्रीच्या वांबाला ‘कोमुरागाएरी’ म्हणतात. कोमुरा म्हणजे पोटरी आणि गाएरी म्हणजे उलटणं. पोटरी उलटते! वन्सं म्हणाल्या, नाव बरोबर ठेवलंय.

त्याच आठवड्यात मिरजेला आमच्याकडे मुक्कामाला असताना रात्री त्यांना वांब आला. मी पुडी कोमट पाण्यात ढवळून दिली. पाचेक मिनिटांत पोटरी सैल पडली. वन्संनी माझा हात धरून ठेवला होता, तो सोडला आणि म्हणाल्या, “हे अमृत आहे गं.” मी दोन्ही डबे त्यांच्या पिशवीत घातले. डब्यावरचं मुलीने मराठीत लिहून दिलं होतं : दिवसातून तीनदा, जेवणाआधी. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे हे मला ठाऊक होतं. त्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे, हेही मला ठाऊक असायला हवं होतं. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या, घरच्या माणसाची तपासली नाही.

पुड्या संपल्यावर त्यांनी फोन केला, यात असतं काय? मी सांगितलं, पिओनी नावाच्या फुलझाडाचं मूळ आणि आपला ज्येष्ठमध. त्या म्हणाल्या, मग जपान कशाला हवं? काष्ठौषधींच्या दुकानातून त्यांनी पाव किलो पूड आणली आणि दोन वेळा काढा सुरू केला. तुमच्या सदरात छापलाय तोच, जवळजवळ त्याच मापाचा. मला त्यांनी हे सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी हे औषधच नव्हतं.

संक्रांतीला आम्ही तासगावला गेलो. हळदीकुंकवाला वन्सं पाटावर बसल्या त्या उठेनात. पाय कापसाचे झाल्यासारखे वाटतात म्हणाल्या. घोट्यांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा राहत होता. दवाखान्यात रक्तदाब १७६/९८ भरला. रक्तातलं पोटॅशियम २.४. ते साडेतीनच्या खाली जायला नको. ईसीजी पाहून डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. चार दिवस सलाईनमधून पोटॅशियम चाललं. “आणखी काही औषध चालू आहे का?” असं डॉक्टरांनी माझ्यादेखत दोनदा विचारलं आणि वन्संनी दोनदा “नाही” म्हणून सांगितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्यांच्या स्वयंपाकघरातली ज्येष्ठमधाच्या पुडीची बरणी आठवली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. पोटॅशियम उतरलं की स्नायू अशक्त होतात आणि वांबही येतात. डिसेंबरअखेर त्यांना वांब पुन्हा यायला लागले होते, म्हणून त्यांनी काढ्यातली पूड वाढवली होती. जे औषध म्हणून घेत होत्या तेच दुखणं वाढवत होतं, आणि दुखणं वाढतंय म्हणून त्या औषध वाढवत होत्या.

दवाखान्यातून आल्यावर मी दोन महिने या विषयावर मिळेल ते वाचलं. मुलीने जपानी कागद भाषांतर करून पाठवले. त्यातलं जे पक्कं आहे ते लिहिते, कारण तुमच्या सदराने नेमकं तेच गाळलं आहे.

अठराशे वर्षांचा दावा खरा आहे, फक्त मूळ जपानचं नाही, चीनचं. इसवी सन २०० च्या आसपास झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने ‘शांग हान लुन’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पाय आखडलेल्या रोग्यासाठी दोन मुळ्यांचा काढा आहे, पिओनी आणि ज्येष्ठमध समभाग. पाणी आटवून निम्मं करायचं, गाळून दोन वेळा कोमट द्यायचं, आणि मग ‘पाय सरळ होतो’. किती दिवस प्यायचं याचा पसारा तिथे नाही. पाय आखडला, काढा दिला, पाय सुटला, इतकंच. जपानी वैद्यांनी हा काढा आपल्या कांपो परंपरेत घेतला, त्याला ते शाकुयाकु-कांझो-तो म्हणतात. १९७६ पासून कांपो औषधांना तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात मोठ्या प्रमाणावर जागा मिळाली. आज अशी १४८ मिश्रणं ॲलोपॅथीचे डॉक्टरच चिठ्ठीवर लिहून देतात. औषधांना क्रमांक असतात, आणि पोटरीच्या गोळ्याचा क्रमांक ६८ आहे. म्हणजे हे तिथे आजीबाईच्या बटव्यातलं राहिलेलं नाही. कारखान्यात बनतं, दर पुडीत किती ग्रॅम काय ते छापलेलं असतं, आणि सोबत धोक्याचा कागद असतो.

पुरावा म्हणाल तर १९९९ मध्ये जपानमध्ये यकृताच्या सिऱ्होसिसच्या (यकृत निबर होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांवर याची चाचणी झाली. अशा रुग्णांना वांबांचा फार त्रास होतो. निम्म्यांना खरं चूर्ण, निम्म्यांना हुबेहूब दिसणारं खोटं, आणि कुणाला कोणतं दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. खरं चूर्ण घेणाऱ्यांचे वांब खोटं घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाले. माझ्या मते या औषधाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांतही जपानी डॉक्टरांनी हे वापरून पाहिलं. वांब आल्यावर पुडी दिली आणि सरासरी पाच मिनिटांच्या आसपास तो उतरला. पण ते रुग्ण मोजके होते आणि तुलनेला खोटं औषध दिलेलं नव्हतं.

ही तुलना का लागते ते वाचकांना समजावून सांगायला हवं, कारण घरगुती उपायांचं अर्धं यश इथेच दडलेलं असतं. वांब आपला आपण येतो आणि आपला आपण जातो. एका रात्रीचा वांब बहुतेकदा काही मिनिटांत तसाही उतरतो. माझ्या घरी त्या रात्री पाच मिनिटांत जो उतरला तो पुडीने उतरला की त्याची वेळ झाली म्हणून, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, आणि वन्संही सांगू शकत नाहीत. शिवाय माणूस उपाय शोधतो तो त्रास टोकाला गेल्यावर. टोकानंतर उतार येणारच, आणि त्याचं श्रेय जे शेवटी घेतलं त्याला मिळतं. इस्रायलमध्ये ९४ जणांवर मॅग्नेशियमची चाचणी झाली, २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. चार आठवडे निम्म्यांना मॅग्नेशियम, निम्म्यांना नुसती तशीच दिसणारी कॅप्सूल. मॅग्नेशियमवाल्यांचे वांब आठवड्याला साधारण तीनने कमी झाले. खोट्या कॅप्सूलवाल्यांचेही साधारण तीननेच कमी झाले! फक्त पहिला गट पाहिला असता तर मॅग्नेशियम रामबाण ठरलं असतं. आपल्याकडे अजूनही रोज ते विकलं जातंच आहे. मीही काउंटरवरून कितीतरी वर्षं विश्वासाने दिलं.

म्हणून १९९९ ची ती चाचणी मला मोलाची वाटते. खोट्या औषधाशी झुंज देऊन जुना काढा तिथे टिकला. पण ती चाचणी दोन आठवड्यांची होती, महिन्याची नव्हती. रुग्ण यकृताचे होते, डॉक्टरांच्या नजरेखाली होते, त्यांची रक्ततपासणी होत होती. आणि काढा दोन मुळ्यांचा होता.

तुमच्या सदराने त्यातली एक मुळी टाकून दिली. पिओनी आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळत नाही, म्हणून बहुधा. हिमालयात तिची एक बहीण उगवते, युनानीवाले तिला ऊद सलीब म्हणतात, पण ती जात वेगळी. जपानी संशोधकांनी उंदरांच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांत पिओनीतलं पेओनिफ्लोरिन आणि ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन एकत्र दिल्यावर स्नायू सैल पडण्याचा परिणाम एकेकट्यापेक्षा ठळक दिसला. म्हणजे जोडीने जे होतं ते नुसत्या ज्येष्ठमधाने होईलच असं नाही. ज्या औषधाचा पुरावा आहे त्यातलं अर्धं काढून टाकलं, आणि जे अर्धं ठेवलं त्यातच अपाय करणारं द्रव्य आहे. पुरावा जपानचा सांगितला आणि पाककृती स्वतःची दिली, असं हे झालं.

आता अपायाबद्दल. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक भरपूर असतं. मूत्रपिंडात शिरताना एक एन्झाइम त्याला निष्प्रभ करतं, नाहीतर ते तिथे अल्डोस्टेरोन या दुसऱ्या संप्रेरकाचं सोंग घेऊन काम करायला लागेल. अल्डोस्टेरोनचं काम काय, तर मीठ-पाणी राखायचं आणि पोटॅशियम बाहेर टाकायचं. ज्येष्ठमध नेमका त्या एन्झाइमला अडवतो. मग कॉर्टिसॉलचं सोंग खपून जातं. अंगात मीठ-पाणी साठतं, घोटे सुजतात, रक्तदाब चढतो, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. वर लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्ही बाजूंनी गळतं. वन्संचं तेच झालं.

हे कुणाला कालपरवा कळलेलं नाही. १९४६ मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टराने पोटाच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रणाला गुण आला, पण काही रुग्णांना सूज चढली. तेव्हापासून ही गोष्ट वैद्यकाला माहीत आहे. जपानमध्ये १९७८ सालीच आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली की दिवसाच्या मात्रेत २.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त ज्येष्ठमध असलेलं औषध ज्यांचं पोटॅशियम आधीच कमी आहे, ज्यांना स्नायूंचा किंवा अल्डोस्टेरोनचा विकार आहे, त्यांना द्यायचं नाही. या दुष्परिणामाला तिथे स्वतंत्र नाव आहे, औषधाच्या कागदावर ते ठळक छापलेलं असतं. वय जास्त, मात्रा जास्त, दिवस जास्त आणि सोबत लघवीची गोळी, की धोका वाढतो. ६८ क्रमांकाच्या पूर्ण दिवसाच्या मात्रेत तर सहा ग्रॅम ज्येष्ठमध असतो. म्हणून तिकडचे जाणते डॉक्टर रात्री एक पुडी, किंवा वांब आला तरच एक, असं सांगतात. वन्संनी दिवसाला तीन घेतल्या आणि त्यावर महिनाभर काढा.

तुमच्या मापाचं मी घरी वजन केलं. ज्येष्ठमधाच्या पुडीचा सपाट चमचा माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर अडीच ग्रॅम भरतो. दोन चमचे, दोन वेळा, म्हणजे दिवसाला दहा ग्रॅम. जपानी मानकाप्रमाणे मुळीत किमान दोन टक्के ग्लायसिरायझिक आम्ल, म्हणजे तेच अपाय करणारं ग्लायसिरायझिन, असावं लागतं. त्या हिशेबाने तुमच्या दहा ग्रॅममध्ये किमान २०० मिलिग्रॅम होतं. त्यातलं काढ्यात किती उतरतं ते उकळण्यावर अवलंबून, पण युरोपातल्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम सांगितली आहे. आणि आपल्या दुकानातल्या मुळीत ते दोन टक्के आहे की सहा, हे त्या दुकानदाराला कुठून कळणार? चमचा शिगोशीग भरला तर हिशेबच नको.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ५४ वर्षांचा एक बांधकाम मजूर याच द्रव्यामुळे मेला. तो काही आठवडे रोज एक-दीड पाकीट ज्येष्ठमधाच्या वड्या खात होता. पोटॅशियम उतरलं, हृदय बंद पडलं. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ती हकिगत छापली. काडी चघळणाऱ्यांना घाबरवायला हे लिहीत नाही. खोकल्याला दोन दिवस चाटण घेतलं म्हणून कुणाला काही होत नाही. प्रश्न रोज, भरपूर आणि आठवडेच्या आठवडे घेण्याचा आहे. तुमचा उपाय नेमका तसाच सांगितलेला आहे.

गुण येतो म्हणजे औषध द्यावं, असं नसतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्रीच्या वांबांसाठी क्विनाईनची चिठ्ठी येत असे. सिंकोना झाडाच्या सालीतलं, म्हणजे तेही मूळचं वनस्पतीचंच. क्विनाईनने वांब कमी होतात, यात वाद नाही. २३ चाचण्यांमधल्या १,५८६ लोकांची माहिती एकत्र तपासल्यावर दोन आठवड्यांत वांबांची संख्या खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे २८ टक्के कमी झालेली दिसली. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये वांबांसाठी ते चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली आणि २००६ मध्ये पुन्हा कडक इशारा दिला, कारण काही लोकांत रक्तातल्या प्लेटलेट अचानक कोसळतात, हृदयाचा ठोका बिघडतो, माणसं दगावतात. पोटरीच्या गोळ्यासाठी एवढी किंमत द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्येष्ठमध क्विनाईनइतका घातक नाही. पण तोलायचं त्याच तराजूत.

‘वनस्पतीच आहे, अपाय नाही’ हे वाक्य मला आपल्या परंपरेचा अपमान वाटतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ८० विकार मोजले आहेत, त्यात ‘पिंडिकोद्वेष्टन’ आहे. पिंडिका म्हणजे पोटरी, उद्वेष्टन म्हणजे पिळवटणं. वांबाचं इतकं नेमकं वर्णन करणाऱ्या माणसांनी रोगी कोण, वय काय, ऋतू कोणता, मात्रा किती, यांशिवाय औषध सांगितलं नसतं. ज्या औषधात गुण आहे त्यात जोर आहे, आणि जोर आहे तर तो चुकीच्या ठिकाणीही लागणार. निरुपद्रवी म्हणायचं म्हणजे आत काही नाही असंच म्हणायचं. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेसारखी संस्था आपल्याकडे आहे. निरगुडीचा शेक, तिळाच्या तेलाचं मर्दन, काढे, यांतलं एक तरी घेऊन रात्रीच्या वांबांवर जपान्यांसारखी खरी-खोटी चाचणी करावी, निकाल कसाही आला तरी छापावा. सांगली-सोलापूरच्या फडावर उन्हात ऊस तोडणाऱ्या बायकांना पोटऱ्यांत गोळे येतात, त्यांचं कारण घाम आणि मीठ. सत्तरीच्या वन्संचं कारण वेगळं. डायलिसिसच्या रुग्णाचं आणखी वेगळं. सगळ्यांना एकच काढा, हे कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

वन्संचं आता बरं आहे. ज्येष्ठमध बंद केल्यावर तीन आठवड्यांत पोटॅशियम जागेवर आलं, सूज उतरली. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली. फिजिओथेरपीच्या मुलीने झोपण्याआधी पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणायचे व्यायाम शिकवले. भिंतीला हात टेकायचे, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, आणि पुढे झुकायचं. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांपुढच्या ८० लोकांनी सहा आठवडे रोज रात्री असंच केलं, तर न करणाऱ्यांपेक्षा त्यांचे वांब कमी झाले, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालंय. त्यात खोटा व्यायाम नव्हता, म्हणजे पुरावा १९९९ च्या चाचणीइतका कडक नाही, पण भिंतीला टेकून कुणाचं पोटॅशियम उतरत नाही. मी वन्संना भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला सांगितलं, वांब आला की त्या तारखेला काट. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाच काटे होते. एप्रिलमध्ये अख्ख्या महिन्यात सहा. हे व्यायामाने, गोळी बदलल्याने की आपोआप, मी सांगू शकत नाही. मी त्यांनाही तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “असू दे, काटे मोजायला बरं वाटतं.”

आपल्याला मागणं एवढंच की येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी. पुरावा दोन मुळ्यांच्या मिश्रणाचा आहे, नुसत्या ज्येष्ठमधाचा नाही, हे त्यात यावं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी, लघवी वाढवणारी गोळी, हृदयासाठीचं डिगॉक्सिन किंवा स्टिरॉइड घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, हे यावं. रोज काढा घेत असताना पाय गळाल्यासारखे झाले, घोटे सुजले, धडधडलं, तर तो थांबवून पोटॅशियम आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आणि डॉक्टरांनी विचारलं की काढा, चूर्ण, चाटण, सगळं सांगावं. डॉक्टरांनाही विनंती की ‘औषध चालू आहे का’ इतकंच विचारू नका, ‘घरचं काही घेता का’ असंही विचारा. वन्संनी त्या प्रश्नाला लगेच हो म्हटलं असतं.

दुरुस्ती शक्यतो मूळ सदराच्याच आकारात असावी. तासगावला वन्संच्या शेजारच्या काकूंनी तुमचं कात्रण फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. त्यांनाही रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यांना तोंडी सांगून झालं, पण त्या म्हणतात, पेपरात आलंय. दुरुस्ती तेवढीच मोठी असली तर मी ती बरोबर त्याच्यावर चिकटवून येईन.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट, मिरज
(नाव-पत्ता संपादकांसाठी सोबत जोडला आहे, छापू नये.)